बारा शब्द कमी पडले

श्रुतलेखन हा शब्द दोन पायांवर उभा आहे. श्रुत म्हणजे ऐकलेले. लेखन म्हणजे लिहिणे. एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे आणि ऐकले तेवढेच कागदावर उतरवावे. लिहिणाऱ्याने पदरचे काही घालू नये, बोलणाऱ्याचे काही गाळू नये. नंदुरबारात सगळे याला डिक्टेशन म्हणतात. माझे मालक इद्रिस मास्तर मात्र आपल्या वर्गात तो शब्द कोणाला उच्चारू देत नसत. ‘‘उसन्या शब्दाचा अर्थ कोणी जपत नाही,’’ असे ते म्हणत. श्रुतलेखन म्हटले की आधी कान आठवतो. पुढे जे सांगणार आहे ते त्या कानाविषयीच आहे, म्हणून हा शब्द आधी सांगून ठेवला.

मी एक वही बोलते आहे. लघुलेखन शिकणाऱ्या मुलांच्या सरावासाठी उतारे उतरवून ठेवलेली, चारशे पानांची, काळ्या पाठीची वही.

माझा जन्म जावेद बाइंडरच्या दुकानात झाला. जावेद हा मास्तरांचा धाकटा भाऊ. मास्तरांच्या टंकलेखनाच्या वर्गात मुलांनी एका बाजूने बडवलेले कागद गठ्ठ्यांनी साचले होते. एका बाजूला अर्थ नसलेली अक्षरे, ओळींमागून ओळी. दुसरी बाजू कोरी. जावेदने ते कागद जुळवले, टोच्याने भोके पाडली, दोरा ओवला, पाठीला कापड डकवले आणि दोन दिवस मला दाबाखाली ठेवले. हातात देताना तो हसून म्हणाला, ‘‘घ्या भाईजान. पाठीवर बकवास, पोटात कायदा. अगदी वकिलासारखी झाली ही!’’

मास्तर हसले नाहीत. त्यांनी माझ्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिले, ‘न्यायालयीन उतारे’, आणि पहिल्या उताऱ्याचा शोध सुरू केला.

शोधच म्हणायला हवा. छापील पुस्तकांत उतारे भरपूर होते. पण ते वृक्षारोपणाचे, सहकाराचे, नाहीतर कोणा पाहुण्याच्या उद्घाटनपर भाषणाचे. आदिवासी पाड्यांवरून, तापीकाठच्या खेड्यांतून बसने येणाऱ्या मुलांना हवी होती ती न्यायालयातील लघुलेखकाची नोकरी. तिथे पहिल्याच दिवशी कानावर सरतपासणी, उलटतपासणी, पंचनामा, मुद्देमाल असले शब्द आदळतात आणि गोंधळलेला हात थांबतो. ‘‘वृक्षारोपणावर हात बसवायचा आणि जन्मठेपेचा निकाल उतरवायचा! हे कसे जमावे?’’ मास्तर स्वतःशीच चिडत.

मग ते दर रविवारी एका वृद्ध वकिलाच्या कचेरीत जाऊ लागले. पक्षकारांनी कधीच न नेलेल्या साक्षींच्या नकला तिथे फडताळात धूळ खात होत्या. मास्तर मांडी घालून बसत आणि हाताने उतरवून घेत. कधी रद्दीच्या दुकानात एखादे सुटे पान मिळे. माझ्या अकराव्या पानावरचा उतारा भज्यांच्या पुडक्यावर सापडला होता. उतरवताना ते पुडके माझ्या कोपऱ्याला टेकले, त्याचा तेलकट डाग अजून माझ्या अंगावर आहे. मिळेल तिथून माणसांची दुःखे गोळा करून त्यांनी ती माझ्यात भरली. मात्र नावे सगळी बदलली. गावे बदलली. मेलेल्याचे नावसुद्धा त्यांनी खरे ठेवले नाही. या बाबतीत ते फार काटेकोर होते.

शब्दांच्या बाबतीतही तसेच. कोणी ‘‘कोर्टातला जबाब’’ म्हणाले, की ते लेखणी खाली ठेवत. ‘‘पोलिसांपुढे देतो तो जबाब. न्यायासनापुढे देतो ती साक्ष. दोन्हींत एका माणसाच्या आयुष्याचे अंतर असते, भाग्येश!’’ भाग्येश हा मागच्या बाकावरचा, दोंडाईच्याच्या रस्त्यावरच्या खेड्यातला टवाळ मुलगा. तो मान डोलवी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच म्हणे.

इतक्या काटेकोर माणसाकडून जे घडले ते आता सांगते.

परीक्षेच्या उताऱ्याला माप असते. मिनिटाला ऐंशी शब्दांच्या गतीचा, सात मिनिटांचा उतारा म्हणजे पाचशे साठ शब्द. ना एक कमी, ना एक जास्त. मास्तर दर वीस शब्दांनंतर एक तिरकी रेघ मारत. पंधरा सेकंदांत एक रेघ गाठायची, म्हणजे वाचणाऱ्याची गती ढळत नाही. खऱ्या माणसांनी दिलेल्या साक्षी काही या मापाने दिलेल्या नसतात. जास्त झाल्या तर मास्तर छाटत. कमी पडल्या तर…

सदतिसावा उतारा कमी पडला. कोणा खेडूत साक्षीदाराची ती साक्ष होती. संध्याकाळी शेताच्या बांधावर मारहाण झाली आणि तो धावत गेला, एवढीच. सगळे शब्द मोजून पाचशे अठ्ठेचाळीस भरले. बारा कमी. मास्तरांनी पेन्सिल दातांत धरली, खिडकीबाहेर पाहिले आणि एक वाक्य स्वतःच रचून मधोमध बसवले :

‘अंधार असल्यामुळे मारणाऱ्याचा चेहरा मला दिसला नाही, मी त्याला ओळखू शकत नाही.’

मोजा. बरोबर बारा.

मूळ साक्षीदार असे काही म्हणाला नव्हता. त्याने ओळखले की नाही, हे त्या फाटक्या नकलेत कुठेच नव्हते. पण असली वाक्ये साक्षींतून शंभरदा येतात, मुलांना उपयोगी पडतील, असा मास्तरांनी विचार केला. नावे बदलताना त्यांचा हात थबके. हे वाक्य घालताना थबकला नाही. मला तेव्हा काहीच वाटले नाही. वहीला भरल्याचे सुख असते.

ते वाक्य मास्तरांचे लाडके झाले. लघुलिपीत नेहमी जोडीने येणारे शब्द एकाच रेषेत ओवता येतात. पेन्सिल न उचलता. मास्तरांनी त्या बारा शब्दांची एक सलग आकृती बसवली. वेलीच्या तणाव्यासारखी, सुरेख. ‘अंधार’ कानावर पडला की हाताने सुटायचे आणि ‘नाही’ला येऊन थांबायचे. ‘‘हे साधले त्याचे तीन सेकंद वाचले,’’ ते सांगत. ‘‘कान आणि हात यांच्यामध्ये डोके आणू नका. डोके आले की गती गेली.’’

मुले वैतागून जात. ‘‘मास्तर, आज परत सदतीस शे का?’’ भाग्येश विचारी. ‘‘मंग मी झोपमा लिखस.’’

‘‘झोपेतच लिहिता यायला हवे,’’ मास्तर गंभीरपणे म्हणत.

त्या वर्गात ममता होती. तापीकाठच्या गावातली, मंगलाबाईंची मुलगी. वडील गेल्यावर मंगलाबाईंनी स्वतः उभे राहून कपाशी काढली आणि मुलीला शिकवले. ममता पहाटेची बस धरून येई, पहिल्या बाकावर बसे आणि कधी एक शब्द सोडत नसे. सदतिसावा उतारा तिने किती वेळा घेतला याची मोजदाद मास्तरांनाही नव्हती. ती परीक्षेत पहिली आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्यातील न्यायालयात तिला लघुलेखकाची नेमणूक मिळाली. त्या न्यायालयाचे नाव मी घेणार नाही; दोष त्या इमारतीचा नाही.

तोवर मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि वर्गात चारच मुले उरली होती. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला ममताच्या हातात दिले. शंभरच्या गतीची परीक्षा अजून द्यायची होती ना तिला. ‘‘रख ले बेटी,’’ ते वर्गात कधी न बोलायची घरची भाषा बोलले. ‘‘मला आता हिच्यातल्या रेघा दिसत नाहीत.’’ देण्याआधी त्यांनी सगळे उतारे आठवणीने म्हणून तिच्या मोबाईलमध्ये आवाज भरून दिला. चारही मुलांनी माझ्या पानांची छायाचित्रे काढून घेतली. पान एकोणसाठ, उतारा सदतीस, सर्वांनी सर्वांत आधी.

अशी मी न्यायालयात आले. ममताच्या टेबलाच्या खणात माझी जागा होती. कामकाज संपले की ती मला काढी, मोबाईलवर मास्तरांचा आवाज लावी आणि लिही. बाहेर कडुनिंबाखाली पक्षकार भाकरीची फडकी सोडून बसलेले असत. मी पाहत असे : माणसे न्यायालयात येताना जोरात बोलतात, पिंजऱ्यापाशी हळू बोलतात आणि जाताना बोलतच नाहीत.

तिथे साक्षी एरवी थेट संगणकावर घेतल्या जात. न्यायाधीश साक्षीदाराचे ऐकून त्याचे सार प्रमाण मराठीत सांगत आणि ममता टंकित करी. ज्या दिवसाची गोष्ट मी सांगते आहे, त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती.

साक्षीदार होती रूपलीबाई. नर्मदेच्या धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या वस्तीतून, मणिबेलीच्या अंगाने, आधी नावेने आणि मग जीपने ती आली होती. तिचा भाऊ वाहरू काठावर नाव बांधत असताना कोणीतरी त्याच्या डोक्यात वल्हे घातले होते. तो तिथेच गेला. ती वर उतारावर सरपण घेऊन उभी होती. पाहणारी दुसरी कोणी नव्हती.

‘‘वीज केव्हा येईल काय सांगावे,’’ न्यायाधीश म्हणाले. ‘‘बाई लांबून आली आहे. मॅडम, लघुलिपीत घ्या. नंतर टंकित करा.’’

ममताने पेन्सिलीला टोक काढले. खण उघडाच होता. मला सगळे ऐकू येत होते. रूपलीबाई पावरीत, त्या डोंगरातल्या बोलीत, बोलत होती आणि करमसिंग शिपाई तिचे मराठी करून सांगत होता. करमसिंग जवळच्याच पाड्यावरचा. बोलता बोलता स्वतःच्या सूचनाही मध्ये घुसवणारा.

‘‘ती म्हणते, दिवस बुडाला होता साहेब. अंधार. तोंड दिसलं नाही.’’

‘‘मग ओळखले कसे?’’

करमसिंगने विचारले. रूपलीबाई बराच वेळ बोलली. तिचा एक हात वर गेला, जणू समोर पाणी आहे आणि ती पलीकडे कोणाला हाक मारते आहे.

‘‘ती म्हणते, आवाजावरून. त्यानं मारताना शिवी दिली. ती म्हणते, आमच्याकडं पाणी झालं तेव्हापासून माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. पलीकडून हाक आली की कोणाची नाव, कोण बसलंय, आम्ही तोंड बघत नाही. तो आवाज ह्या आरोपीचाच, मी रोज ऐकते, म्हणते. चुकणार नाही.’’ आणि स्वतःचे जोडले, ‘‘खरं आहे साहेब. त्यांचं तसंच असतं.’’

‘‘तू साक्षीदार नाहीस, करमसिंग,’’ न्यायाधीश म्हणाले आणि ममताकडे वळून त्यांनी सार सांगितले : ‘‘अंधार असल्यामुळे मारणाऱ्याचा चेहरा मला दिसला नाही, परंतु आवाजावरून मी त्यास निश्चित ओळखले.’’

‘अंधार’ कानावर पडला. ममताचा हात सुटला.

तो कसा सुटला हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? वेलीच्या तणाव्यासारखा तो वळला, उतरला, पेन्सिल न उचलता बारा शब्दांचे वळण पूर्ण करून ‘नाही’ला येऊन थांबला. तीन सेकंद वाचले. तेवढ्यात पुढचे वाक्य आले आणि ती ते लिहू लागली. तिचा चेहरा शांत होता. असा शांत चेहरा मी वर्गात शेकडो वेळा पाहिला होता.

चार वाजता वीज आली. ममताने स्वतःच्या लिपीवर विसंबून साक्ष टंकित केली. घाटाकडे जाणारी जीप बाहेर भोंगा वाजवत होती. ती चुकली तर नाव चुकणार होती. साक्ष वाचून दाखवायची असते. करमसिंगने उभ्या उभ्या चार ओळी वाचल्या, चार ओलांडल्या आणि म्हणाला, ‘‘तुझंच आहे गं सगळं. लाव अंगठा.’’ रूपलीबाईने अंगठा लावला, पदराला पुसला आणि धावतच गेली.

उलटतपासणी पुढच्या तारखेला होती. त्या दिवशी ती पुन्हा नावेने आली. आरोपीचे वकील उठले. त्यांनी नकलेवर नजर टाकली. एका ओळीवर त्यांचे बोट थांबले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उरले नाही. निष्णात माणसाला सुख झाले की तो असा कोरा होतो.

‘‘या साक्षीदारास विचारायचे काही नाही,’’ ते म्हणाले.

रूपलीबाईला परत जायला सांगितले. ‘‘एवढंच?’’ तिने करमसिंगला विचारले. ‘‘इतक्या लांबून आले ते एवढ्यासाठी?’’ आणि ती हसली. आपले म्हणणे इतके पक्के आहे की वकिलालाही विचारायचे काही उरले नाही, असे तिला वाटले असावे. त्यानंतर वस्तीतल्या बऱ्याच बायांबरोबर ती ऊसतोडीला गुजरातेत गेली. त्याच महिन्यात न्यायाधीशांची बदली झाली.

पंधरा दिवसांनी, संध्याकाळच्या पाचाला, ममताने मला खणातून काढले आणि मास्तरांचा आवाज लावला. सदतिसावा उतारा. ‘‘अंधार असल्यामुळे मारणाऱ्याचा चेहरा…’’ तिचा हात धावला आणि ‘नाही’पाशी येऊन जो थांबला तो पुढे हलेना. मास्तरांचा आवाज एकटाच रेघा ओलांडत पुढे गेला. ममता उठली. कपाटातून तिने त्या दिवसाची लघुलिपीची वही काढली, पान शोधले आणि माझ्या एकोणसाठाव्या पानाशेजारी ठेवले.

दोन्ही आकृत्या एकमेकींवर ठेवल्या असत्या तर केसाचा फरक पडला नसता.

त्या शनिवारी ती मला पिशवीत घालून गावी गेली. मंगलाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. ममताने सगळे सांगितले. सूप थांबले.

‘‘कोनी इचारं का तुले?’’

‘‘नई.’’

‘‘कोनी धरं का?’’

‘‘नई, माय.’’

‘‘मंग तू कसाले सांगस? वरीस बी नई व्हयनं नोकरीले. कायम व्हई जाऊ दे, मंग काय सांगनं ते सांग.’’

‘‘तवलोंग निकाल लागी जाई.’’

‘‘लागू दे. जज बदलना, वकील गप बठना, तू एकलीच कशी काय हरिश्चंद्र?’’ मंगलाबाईंचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. ‘‘नोकरी गयी ते काय करशी, पोरी? मन्हा मांगे कपाशी येचशी?’’

‘‘तिना भाऊ त्यानी मारा,’’ ममता म्हणाली. ‘‘तिनं बोलनं मी मारं, माय.’’

मंगलाबाईंनी सूप उचलले. पाखडू लागल्या, पण त्यात तूर नव्हती.

रविवारी ती नंदुरबारला मास्तरांकडे गेली. मास्तर पलंगावर बसून होते. तिने पानावर बोट ठेवून ते वाक्य वाचले आणि विचारले, ‘‘मास्तर, हा साक्षीदार कोण होता?’’

‘‘साक्षीदार?’’ मास्तर म्हणाले. ‘‘ते साक्षीदाराचे नाही. माझे आहे. बारा शब्द कमी पडत होते.’’

तिने मग कारण सांगितले. मास्तरांनी हात पुढे केला, मला मांडीवर घेतले, उशाची तांबडी पेन्सिल चाचपून काढली आणि त्या वाक्यावर जोराने रेघ मारली. डोळ्यांना दिसत नव्हते. रेघ वरच्या ओळीवर गेली. त्या अनोळखी खेडूताचे, त्याने खरोखर उच्चारलेले वाक्य खोडले गेले आणि बारा शब्द तसेच उरले. ममता पाहत होती.

‘‘खोडले?’’ मास्तरांनी विचारले.

‘‘हो.’’

‘‘जाऊन सांग, बेटी. जे ऐकले ते सांग. लागलेच तर मी येतो. माझ्या हातचे आहे म्हणून लिहून देतो.’’

सोमवारी तिने नव्या न्यायाधीशांपुढे अर्ज ठेवला. मी तिच्या बगलेत होते. ते भले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

‘‘तुमच्या लघुलिपीत काय आहे?’’

‘‘जे टंकित केले तेच, सर. चुकीचेच.’’

‘‘मग बरोबर कुठे आहे?’’

‘‘माझ्या कानात आहे, सर.’’

न्यायाधीशांनी चष्मा काढला. ‘‘कानाची नक्कल काढता येत नाही, मॅडम.’’

तरीही त्यांनी साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा आदेश दिला. करमसिंगला विचारले, त्याने छातीवर हात ठेवून सांगितले की बाई आवाजाचे बोलली होती. पण त्याने चार ओळी वाचून चार ओलांडल्या होत्या हेही त्यातून निघाले, आणि मग तो फारसे बोलेना. समन्स गेले. परत आले : ‘सदर साक्षीदार मजुरीसाठी परराज्यात गेली असून तिचा पत्ता मिळून येत नाही.’ पुन्हा गेले, पुन्हा तेच लिहून आले. गुजरातेतल्या उसाच्या फडाला पत्ता कोठला? तिसऱ्या तारखेला आरोपीचे वकील म्हणाले, की एका कर्मचाऱ्याच्या आठवणीवर खटला किती दिवस लांबवायचा? त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते.

‘एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार आरोपीस ओळखू शकत नाही, असे तिने स्वतःच शपथेवर सांगितले आहे.’ निकालपत्रातील हे वाक्य न्यायाधीशांनी सांगितले आणि ते ममतालाच लिहावे लागले. ते तिने शब्द न् शब्द बरोबर लिहिले. आरोपी सुटला.

ममताचा परिविक्षेचा, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीचा, काळ असमाधानकारक ठरला. महिनाअखेर कार्यमुक्त करण्याचा आदेश तिच्या टेबलावर आला.

अकरा दिवसांनी होळी होती. होळीला डोंगरातला माणूस जिथे असेल तिथून परततो. काठी गावच्या होळीकडे जाणाऱ्या गाड्यांना टपावरसुद्धा जागा नसते. त्या गर्दीतून रूपलीबाई परतली, आणि वस्तीवर न जाता आधी न्यायालयात आली. हातांवर उसाच्या पात्यांचे चरे होते. आरोपी सुटल्याचे तिला वाटेतच कोणीतरी सांगितले होते.

ती ममताच्या टेबलापुढे उभी राहिली. करमसिंग दाराशी घुटमळत होता. ममताने त्याला जवळ बोलावले.

‘‘ती विचारते,’’ करमसिंग खाली पाहत म्हणाला, ‘‘माझं बोलणं कुठं ठेवलंय?’’

ममताने नक्कल काढली. ती ओळ दाखवली. आपण काय लिहिले ते सांगितले, कसे लिहिले गेले ते सांगितले. करमसिंगने मराठीचे पावरीत केले. एकही ओळ ओलांडली नाही. रूपलीबाईने त्या ओळीवर बोट ठेवले आणि तसेच राहू दिले.

‘‘ती म्हणते, परत सांगते. आता लिही.’’

‘‘आता उपयोग नाही,’’ ममता म्हणाली. ‘‘निकाल लागला. कोणी वाचणार नाही, सांग तिला.’’

करमसिंगने सांगितले. रूपलीबाईने मान हलवली, म्हणजे कळले. आणि ती तिथेच जमिनीवर बसली, बोलायला तयार होऊन.

ममताने खण उघडून मला काढले. माझे शेवटचे पान कोरे होते.

रूपलीबाई पावरीत बोलू लागली. करमसिंगने मराठी करायला तोंड उघडले तसे ममताने हाताने त्याला थांबवले. लघुलिपी शब्दाचे रूप लिहीत नाही, उच्चार लिहिते. जी भाषा येत नाही तीही तिच्यात मावते, ऐकणाऱ्याने ऐकले तर. ममताने प्रत्येक ध्वनी लिहिला. प्रत्येक शब्दानंतर तिने पेन्सिल उचलली. कुठे पेन्सिल दाबली गेली, कुठे रेषा तुटली. इतके कुरूप, इतके संथ लेखन माझ्या अंगावर कोणी कधी केले नव्हते. मिनिटाला वीस शब्दही पडले नसतील.

मग तिने ते वाचून दाखवले, तिला न कळणाऱ्या भाषेत, अडखळत. रूपलीबाई ऐकत होती. एका ठिकाणी तिने थांबवले आणि एक शब्द पुन्हा उच्चारला. ममताने खोडून तो पुन्हा लिहिला. त्यानंतर रूपलीबाईने अंगठा पुढे केला. शाईची गादी करमसिंगने आणली.

आता मी पुन्हा नंदुरबारात, मास्तरांच्या फडताळात आहे. ममता आठवड्यातून तीन दिवस येते आणि उरलेल्या चार मुलांना शिकवते. बाकीचे दिवस ती आईबरोबर शेतात असते. एकोणसाठाव्या पानावरचे ते बारा शब्द तिने स्वतः खोडले आहेत. त्याखाली लिहिले आहे, ‘हा उतारा पाचशे अठ्ठेचाळीस शब्दांचा आहे.’ वरच्या ओळीवरची मास्तरांची तांबडी रेघ मात्र तिने पुसली नाही. मास्तर अजून विचारतात, ‘‘खोडले होते ना मी?’’ ती ‘हो’ म्हणते.

पण माझी छायाचित्रे हिंडत आहेत. चार मुलांनी काढली, त्यांनी चाळीस जणांना पाठवली. शहाद्यापासून नवापूरपर्यंत न्यायालयीन उतारे कुठे मिळतात म्हणून शोधणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मोबाईलमध्ये माझे एकोणसाठावे पान आहे, न खोडलेले. त्यांचे हात या घटकेलाही त्यावर बसत असतील. तुमच्याकडे ते पान असेल, तर त्या वाक्यावर काट मारा, आणि ज्याने ते तुम्हाला पाठवले त्यालाही सांगा. माझ्या हातात एवढेच होते, ते मी सांगितले.

जाता जाता एक. वकिलांच्या खोलीत ही गोष्ट अजून चहाबरोबर सांगतात. कोणी म्हणतात, सपाटीवरच्या पोरीला डोंगरातली भाषा कळली नाही. कोणी म्हणतात, तिचे लक्ष नव्हते, ती चुकीचे ऐकून बसली. कोणी डोळा मिचकावून आणखी काही सुचवतात. हे सगळे खोटे आहे. न्यायाधीशांनी वाक्य स्वच्छ मराठीत सांगितले होते आणि ममताने ते स्वच्छ ऐकले होते. आजही ती ते जसेच्या तसे म्हणून दाखवते. त्या दिवशी तिच्या कानाने काही चुकवले नाही. कागदावर उतरले ते वाक्य माझ्या एकोणसाठाव्या पानावर, रूपलीबाई न्यायालयात पाऊल ठेवण्याच्या कित्येक वर्षे आधीच लिहून ठेवलेले होते.